फूल आणि दोन पाने : गोव्याच्या जनमत कौलाची तीन कथने

साम्राज्यसत्ता गेल्यानंतर लहान प्रदेशांपुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. परक्यांनी आखलेल्या सीमेत आपण पिढ्यान्‌पिढ्या राहिलो. ती सीमा आता पुसावी की जपावी? मोठ्या देशांना हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. लहानांना तो विचारला जातो, आणि पुष्कळदा तो विचारण्यापूर्वीच शेजाऱ्याने त्याचे उत्तर ठरवून ठेवलेले असते. आफ्रिकेतील कित्येक छोट्या राष्ट्रांचा वसाहतोत्तर राजकीय इतिहास याच प्रश्नाभोवती फिरला आहे. आपल्या अगदी शेजारी, मराठी भाषेच्या अंगणातच, हा प्रश्न एकदा रीतसर मतपेटीतून विचारला गेला. ते स्थळ गोवा, आणि ती तारीख १६ जानेवारी १९६७.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाला. १५१० पासूनची ही राजवट सुमारे साडेचारशे वर्षांची होती. मुक्तीनंतर पाच वर्षांनी गोव्याच्या मतदारांसमोर दोन चिन्हे ठेवण्यात आली. ज्याला महाराष्ट्रात विलीन व्हायचे असेल त्याने फुलावर, आणि ज्याला गोवा केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळा ठेवायचा असेल त्याने दोन पानांवर शिक्का मारावा, अशी योजना होती. दोन पानांना १,७२,१९१ मते मिळाली, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा. महाराष्ट्राच्या विधानसभेत गोव्याचे आमदार बसण्याचा योग त्या दिवशी कायमचा टळला.

ही घटना आज सुमारे सहा दशकांची जुनी आहे. तरी तिच्याकडे पुन्हा वळण्याचे कारण आपल्या धर्मग्रामांतच आहे. ताथवडे, वाकड, चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या या औद्योगिक पट्ट्यात कारखान्यांच्या, महाविद्यालयांच्या आणि संगणक कंपन्यांच्या ओढीने आलेली कॅथलिक कुटुंबे राहतात. कोणी गोव्याचे, कोणी मंगळूरचे, कोणी वसईचे, कोणी अहमदनगर जिल्ह्यातले, कोणी केरळातले. एकाच बाकावर बसणाऱ्या या कुटुंबांत मराठी कॅथलिकाला एक प्रश्न वारंवार विचारला जातो : तुम्ही कॅथलिक, मग तुमची प्रार्थना मराठीत कशी? आणि मंदिराबाहेर, हाउसिंग सोसायटीत, त्याच माणसाला उलट प्रश्न येतो : तुम्ही मराठी, मग तुम्ही ख्रिस्ती कसे? या दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एक समीकरण आहे. गोव्याच्या जनमत कौलाने ते समीकरण निर्माण केले नाही. परंतु त्या कौलाची जी कथा पुढे सांगितली गेली, तिने ते पक्के केले. म्हणून प्रस्तुत लेखात त्या घटनेपेक्षा तिच्या कथनांची चिकित्सा करावयाची आहे.

पहिले कथन : रुसलेला भाऊ

महाराष्ट्रात प्रचलित असलेले कथन थोडक्यात असे. गोवा भाषेने, देवदैवतांनी, सणवारांनी महाराष्ट्राचाच. पोर्तुगिजांनी तो तोडला, मुक्तीनंतर तो घरी यायचा होता. पण ख्रिस्ती मतांमुळे तो आला नाही. या कथनात मराठी म्हणजे हिंदू आणि कोंकणी म्हणजे ख्रिस्ती अशी वाटणी गृहीत धरलेली असते. ते बोलून दाखविले जातेच असे नाही. पण वाक्यांच्या रचनेत ते मुरलेले असते.

या कथनाची पहिली परीक्षा साध्या अंकगणिताने घेता येते. १९६१ च्या जनगणनेच्या सुमारास गोव्यात ख्रिस्ती लोकसंख्या शेकडा अडतीसच्या आसपास होती. दोन पानांना पडलेली मते झालेल्या मतदानाच्या शेकडा चौपन्न होती. प्रत्येक ख्रिस्ती मतदाराने दोन पानांवरच शिक्का मारला असे घटकाभर धरले, आणि सर्वांनी सारख्याच उत्साहाने मतदान केले असे मानले, तरी शंभरातली निदान सोळा मते इतरांची उरतात. म्हणजे हिंदू मतदारांपैकी सुमारे चौथा हिस्सा विलीनीकरणाच्या विरोधात गेला असला पाहिजे. सासष्टीसारख्या ख्रिस्तीबहुल तालुक्यात विलीनीकरणाविरुद्ध मोठे मताधिक्य होते आणि पेडणे, डिचोली, सत्तरी येथे ते विलीनीकरणाच्या बाजूने होते, हे खरेच आहे. परंतु निर्णय ज्या मतांनी फिरला, ती मते या वाटणीत बसत नाहीत.

दुसरी परीक्षा भाषेची. विलीनीकरणाविरुद्धचा सर्वांत धारदार प्रचार कोणत्या भाषेत झाला? मडगावच्या ‘राष्ट्रमत’ या दैनिकात. संपादक चंद्रकांत केणी. त्यात उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर चाले. हे दैनिक मराठी होते. महाराष्ट्रात जाऊ नका, हे गोव्यातील हिंदू वाचकाला मराठीतूनच सांगितले गेले, कारण तो वाचीत होता मराठी. एका भाषेवर प्रेम असणे आणि त्या भाषेच्या राज्यात जाण्याची इच्छा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या वाचकाला कळत होते. त्याच्याविषयी लिहिणाऱ्या नंतरच्या मंडळींना ते तितकेसे कळलेले दिसत नाही.

तिसरी परीक्षा आपल्या घरची. वसई १५३४ पासून पोर्तुगीज अमलाखाली होती. १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकली. म्हणजे वसईच्या कॅथलिकांनी पोर्तुगीज सत्ता गोव्याच्या सव्वादोनशे वर्षे आधी सोडली. पुढे ते मराठ्यांच्या, इंग्रजांच्या आणि अखेर महाराष्ट्राच्या राज्यात राहिले. श्रद्धा टिकली, सामवेदी आणि वाडवळी बोली टिकल्या आणि लेखनाची भाषा मराठी झाली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, ते याच परंपरेतून. ‘महाराष्ट्रात गेल्यास ख्रिस्ती माणसाचे काय होईल’ या भीतीला वसईइतके जिवंत उत्तर दुसरे नव्हते. पण विलीनीकरणवाद्यांनी ते प्रचाराच्या केंद्रस्थानी आणले नाही. त्यांच्या मनातील महाराष्ट्राच्या चित्रात मराठी कॅथलिकाला जागाच नव्हती. मग गोव्यातील कॅथलिकाला तरी त्या चित्रात आपली जागा कशी दिसावी?

दुसरे कथन : एकजुटीचा विजय

गोव्यात याच्या नेमके उलट कथन रूढ आहे. १६ जानेवारी हा तेथे ‘अस्मिताय दिस’ म्हणून पाळला जातो. या कथनाचे नायक युनायटेड गोवन्स पक्षाचे डॉ. जॅक सिक्वेरा. विधानसभेत साध्या बहुमताने ठराव करून विलीनीकरण उरकले जाऊ नये, थेट जनतेला विचारावे, असा आग्रह त्यांनी दिल्लीदरबारी धरला. हा आग्रह नसता तर कौल झालाच नसता, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. संसदेने १९६६ च्या अखेरीस त्यासाठी खास कायदा केला आणि प्रचार निःपक्ष व्हावा म्हणून दयानंद बांदोडकर यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. एक सत्ताधारी पक्ष आपल्या सर्वांत जिव्हाळ्याच्या प्रश्नावर मतदान होण्यापूर्वी सत्तेवरून उतरतो, ही गोष्ट आजच्या राजकारणात अद्‌भुतच वाटावी.

तथापि हे कथनही एक गोष्ट झाकून ठेवते. कौलानंतर जेमतेम दोन महिन्यांनी, मार्च १९६७ मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली. त्यात विलीनीकरण हेच ज्याचे ध्येय होते तो महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष पुन्हा सत्तेवर आला आणि बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. गोवा महाराष्ट्रात जाऊ नये असे म्हणणाऱ्या जनतेनेच गोव्याचे राज्य महाराष्ट्रवाद्यांच्या हाती दिले. अस्मितेच्या कथनाला हा निकाल अडचणीचा वाटतो, म्हणून तो एका ओळीत उरकला जातो. खरे म्हणजे सगळ्या इतिहासाची किल्ली त्या निकालातच आहे.

बांदोडकर बहुजन समाजातले होते. स्वतः खाणमालक असूनही कष्टकऱ्यांना ते आपले वाटत. त्यांच्या सरकारने खेडोपाडी प्राथमिक शाळा उघडल्या. ज्यांच्या सात पिढ्यांनी पाटी पाहिली नव्हती त्या घरांतली मुले मराठी मुळाक्षरे गिरवू लागली. गोव्यातील कूळ आणि मुंडकार भाटकाराच्या जमिनीवर, त्याच्या मर्जीवर जगत होते. भाटकार कधी हिंदू असे, कधी ख्रिस्ती. शेजारच्या महाराष्ट्रात कूळकायद्याने कसणाऱ्याला जमीन मिळाल्याचे त्यांना दिसत होते. फुलावर शिक्का मारणाऱ्या कित्येकांच्या दृष्टीने ‘महाराष्ट्र’ या शब्दाचा अर्थ शाळा आणि सातबारा असा होता. तद्वतच दोन पानांवर शिक्का मारणाऱ्यालाही आपली भाकरी दिसत होती : गोवा एखादा कोपऱ्यातला जिल्हा होऊन बसेल, नोकऱ्या बाहेरचे नेतील, आपली बोली गावठी ठरेल, दारूबंदी येऊन माडाची सूर काढणाऱ्या रेंदेराची चूल विझेल.

पुढे काय झाले? १९६४ चा कूळकायदा, १९७५ चा मुंडकार संरक्षण कायदा आणि कसणाऱ्याला जमिनीचा हक्क देणारी १९७६ ची दुरुस्ती, हे सारे गोव्याच्याच विधानसभेने केले. म्हणजे बहुजन समाजाला महाराष्ट्राकडून जे हवे होते, त्याचा मोठा भाग विलीनीकरणावाचून मिळाला. लोकांनी जानेवारीत आपले घर राखले आणि मार्चमध्ये त्या घरात आपल्या मर्जीचा कारभारी बसविला. यात विसंगती शोधणाऱ्यांनी मतदाराला एकाच प्रश्नाचा गुलाम मानले, असे म्हणावे लागते.

जे आफ्रिकेत विचारले गेले नाही

येथे आफ्रिकेतील एका उदाहरणाशी तुलना उपयुक्त ठरेल, कारण तेथील सत्ताही पोर्तुगिजांचीच होती. अटलांटिक महासागरातील केप व्हर्दे ही बेटे आणि मुख्य भूमीवरील गिनी-बिसाऊ यांचा मुक्तिलढा एकाच पक्षाने लढला. त्याचे नेते अमिल्कार काब्राल यांचा जन्म गिनीतला, आईवडील केप व्हर्देचे. दोन्ही प्रदेशांचे ऐक्य हे त्यांचे स्वप्न होते. २० जानेवारी १९७३ रोजी त्यांची हत्या झाली. गिनी-बिसाऊने त्याच वर्षी स्वातंत्र्य घोषित केले, केप व्हर्दे ५ जुलै १९७५ रोजी स्वतंत्र झाले आणि एकच पक्ष दोन राष्ट्रांवर राज्य करू लागला. ऐक्य हवे की नको, हे मात्र जनतेला स्वतंत्रपणे कधी विचारले गेले नाही. ते पक्षाने ठरविले होते. नोव्हेंबर १९८० मध्ये बिसाऊत लष्करी बंड झाले, राष्ट्राध्यक्ष लुईस काब्राल पदच्युत झाले आणि ऐक्याचे स्वप्न त्यासरशी संपले. केप व्हर्देवासीयांनी आपला पक्ष वेगळा केला. जानेवारी १९९१ मध्ये तेथे पहिली बहुपक्षीय निवडणूक झाली. सत्ताधारी हरले आणि शांतपणे पायउतार झाले. गिनी-बिसाऊच्या वाट्याला मात्र बंडे आली आणि १९९८-९९ चे यादवी युद्धही आले.

मतदान झाले म्हणजे सारे सुरळीत होते, असाही याचा अर्थ नव्हे. ब्रिटिश कॅमेरून्समध्ये फेब्रुवारी १९६१ मध्ये सार्वमत घेतले गेले. पर्याय दोनच होते : नायजेरियात जा, किंवा कॅमेरून प्रजासत्ताकात जा. वेगळे राहण्याचा तिसरा पर्याय मतपत्रिकेवर नव्हताच. दक्षिण भागाने कॅमेरून निवडले. संघराज्याचे आश्वासन १९७२ मध्ये मोडीत निघाले, आणि इंग्रजी बोलणाऱ्या त्या भागातील असंतोषाने अलीकडच्या वर्षांत सशस्त्र संघर्षाचे रूप घेतले. गोव्याच्या कौलातही पर्याय दोनच होते. स्वतंत्र घटकराज्य हा तिसरा पर्याय मतपत्रिकेवर नव्हता. त्यासाठी ३० मे १९८७ पर्यंत थांबावे लागले. गोव्याबाहेर पोटासाठी राहणाऱ्या गोमंतकीयांना मत द्यावे, ही मागणीही मान्य झाली नाही. आपल्या पट्ट्यातील काही वृद्ध गोवेकरांच्या मनात ही सल आजही असणे स्वाभाविक आहे. प्रश्न कोणाला विचारला आणि त्यात काय वगळले, याची छाननी उत्तरांच्या मोजणीइतकीच आवश्यक असते. कौलाच्या दोन्ही रूढ कथनांनी ती फारशी केलेली नाही.

तिसरे कथन : कादंबरीचे

इतिहासकारांच्या आणि पुढाऱ्यांच्या कथनात जे निसटले, ते साहित्यात कोठे सापडते का? माझ्या मते सापडते. परंतु ते राजकारणावर लिहिलेल्या पुस्तकांत नाही. कौलाला दहा-चौदा वर्षे उलटल्यावर आलेल्या दोन कोंकणी कादंबऱ्यांत ते आहे. या दोहोंचाही विषय जनमत कौल नाही.

पुंडलीक नायक यांची ‘अच्छेव’ १९७७ सालची. खाणीच्या छायेत सापडलेल्या कोळंबा या गावाची ती कथा आहे. पंढरी हा शेतकरी आणि त्याचे कुटुंब शेतीवर जगते. खाण येते, रोख पैसा येतो, आणि पाहता पाहता शेत पडीक पडते, घर आतून पोखरले जाते. लेखकाचा मोठेपणा असा की खलनायक म्हणून तो एखाद्या माणसाकडे बोट दाखवून मोकळा होत नाही. खाणीचा मोह गावकऱ्यांच्या अंगात कसा भिनतो, हे तो त्यांच्याच अंतरुजी बोलीतून दाखवितो. क्वचित असे वाटते की खाणीपूर्वीचे गाव त्याने जरा अधिक सोज्वळ रंगविले आहे. कूळ आणि भाटकार यांच्यातला जुना ताण त्या रंगाखाली काहीसा झाकला जातो. तरीही कूळकायद्याने मिळणारी जमीन कसायला माणूस उरला का, हा प्रश्न ही कादंबरी वाचल्यावर टाळता येत नाही. शाळा देणारे आणि जमीन देणारे सरकार खाणीच्या पैशावर उभ्या असलेल्या अर्थव्यवस्थेतून आले होते, ही गुंतागुंत रूढ कथनांत दिसत नाही. २०१२ मध्ये बेकायदा खाणकामाच्या चौकशीनंतर गोव्यातील खाणी थांबल्या आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरविले. कादंबरीकाराने चार दशके आधी जे पाहिले होते, ते त्या वेळी कायद्याच्या भाषेत नोंदले गेले.

दामोदर मावजो यांची ‘कार्मेलीन’ १९८१ सालची. तिला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि मावजो पुढे ५७ व्या ज्ञानपीठ पुरस्काराचे मानकरी झाले. गोव्यातील एका खेड्यातली कॅथलिक मुलगी, तिचे विफल झालेले प्रेम, व्यसनी नवरा, आणि मुलीच्या भवितव्यासाठी कुवेतमध्ये पत्करलेली घरकामाची नोकरी. तेथे मालकाकडून तिचे शोषण होते आणि ती ते सोसते, कारण घरी पाठवायचा पैसा त्या सोसण्यातूनच येतो. पुढे मुलीने हीच वाट धरू नये हा तिचा आकांत आहे. धर्मग्रामातील काही वाचकांना हे प्रसंग अवघड वाटतील. पण मावजो तिला ना देव्हाऱ्यात बसवितात, ना पापिणी ठरवितात. एका हिंदू लेखकाने कॅथलिक स्त्रीच्या अंतःकरणात इतक्या आदराने प्रवेश करावा, ही गोष्टच ‘दोन समाज, दोन भाषा’ या कथनाचा मूकपणे निकाल लावते.

या दोन पुस्तकांना शेजारी ठेवून वाचले म्हणजे गोव्याचा वसाहतोत्तर इतिहास निराळा दिसू लागतो. पंढरी हिंदू, कार्मेलीन कॅथलिक. कदाचित एकाने फुलावर आणि दुसरीच्या घरच्यांनी दोन पानांवर शिक्का मारला असता. पण एकाला खाणीने गिळले, दुसरीला आखाताने. दोघांच्याही पायांखालची जमीन एकाच काळात सरकली, आणि ज्या प्रश्नावर त्यांना एकमेकांविरुद्ध उभे केले होते त्या प्रश्नाच्या उत्तराने ती थांबली नाही. हे राजकीय सत्य निवडणुकीच्या आकड्यांतून हाती लागत नाही. ते सांगण्यासाठी माणसांच्या घरात शिरावे लागते, आणि तेथे कादंबरीचाच अधिकार चालतो.

भाषेचा विजय आणि लिपीचा पराभव

अस्मितेच्या कथनाचा पुढचा अध्याय राजभाषेचा. १९७५ मध्ये साहित्य अकादमीने कोंकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली. १९८६ मध्ये ती राजभाषा व्हावी म्हणून ‘कोंकणी प्रजेचो आवाज’च्या झेंड्याखाली मोठे आंदोलन झाले, त्या वर्षीच्या डिसेंबरातील हिंसाचारात माणसे मेली. या आंदोलनात कॅथलिक समाज फार मोठ्या संख्येने उतरला होता. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी कायदा झाला, आणि त्यात राजभाषा म्हणून नोंदली गेली ती देवनागरी लिपीतील कोंकणी. मराठीचाही शासकीय कामासाठी वापर करण्याची तरतूद राहिली. रोमी लिपी मात्र, जिच्यात गोव्यातील कॅथलिकांची प्रार्थनापुस्तके, तियात्रे आणि वृत्तपत्रे होती, कायद्याबाहेर राहिली. ज्यांनी भाषेसाठी रस्त्यावर मार खाल्ला, त्यांना आपल्या आजीच्या प्रार्थनापुस्तकाची लिपी राजभाषेची नाही असे कळले. १९९० नंतर सरकारी अनुदान प्रादेशिक भाषांतील प्राथमिक शाळांपुरते उरले, तेव्हा गोव्याच्या धर्मप्रांतातील शाळांनी इंग्रजी सोडून कोंकणी माध्यम घेतले. पुढे पालकांनीच इंग्रजीचा आग्रह धरला आणि २०११ मध्ये इंग्रजी शाळांनाही अनुदान देण्याचा निर्णय झाला. येथेही ‘कॅथलिक म्हणजे कोंकणी’ हे समीकरण कॅथलिकांच्याच हातून सुटलेले दिसते.

आपल्या परंपरेला हे सारे नवे नाही. इंग्लंडमधून गोव्यात आलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये सासष्टीतील राशोल येथे छापले गेले. ओव्या मराठी, लिपी रोमी, भूमी गोव्याची आणि श्रोते नवख्रिस्ती. त्याच फादरांनी कोंकणीत धर्मशिक्षणाचे पुस्तक लिहिले आणि कोंकणीचे व्याकरणही रचले. दोन्ही भाषांची सेवा एकाच लेखणीने केली. कोंकणी दडपण्याचा पोर्तुगीज हुकूम १६८४ चा, म्हणजे फादरांच्या निधनानंतरचा. भाषांमधली भिंत फादर स्टीफन्सच्या काळात नव्हती. ती पुढे सत्ताधाऱ्यांनी आणि नंतर पुढाऱ्यांनी चढविली.

आणखी एक योगायोग ध्यानात घेण्याजोगा आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनाविधीवरील संविधान ४ डिसेंबर १९६३ रोजी जाहीर केले. गोव्याची पहिली निवडणूक त्यानंतर पाच दिवसांनी, ९ डिसेंबरला झाली. एकाच आठवड्यात ख्रिस्तसभेने लोकभाषेला वेदीकडे येण्याची वाट मोकळी केली आणि गोव्याने भाषेच्या नावावर आपले पहिले सरकार निवडले. परिषदेच्या निर्णयाने गोव्यात मिस्सा कोंकणीत आली, वसईत आणि पुण्याकडे मराठीत. एकच श्रद्धा, एकच निर्णय, भाषा दोन. आणि त्यात ख्रिस्तसभेला काही विसंगत वाटले नाही. पेन्टेकॉस्टच्या दिवशी जमलेल्या प्रत्येकाने आपापल्या भाषेत सुवार्ता ऐकली, हे आपण दर वर्षी वाचतो. राजकीय कथनांनी जी समीकरणे मांडली, ती आपल्या उपासनेने केव्हाच मोडली आहेत; आपल्या बोलण्यात मात्र ती अजून शिल्लक आहेत.

आपल्यापुढचा प्रश्न

ताथवडे हे गाव २००९ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आले. अशा समावेशापूर्वी हरकती आणि सूचना मागविल्या जातात. मतदान होत नाही. रस्ते रुंद होतात, नळ येतात, करही वाढतो, आणि गावकीचा शब्द हळूहळू मागे पडतो. लाभ आणि हानी यांची बेरीज प्रत्येक घराची वेगळी असते. विलीनीकरण हा शब्द कागदावर किती साधा आणि अंगणात किती जड असतो, हे या पट्ट्यातील जुन्या रहिवाशांना समजावून सांगण्याची गरज नाही. गोव्यातील ज्या कुटुंबांनी १९६७ साली दोन पानांवर शिक्का मारला, त्यांच्याकडे मराठीचे शत्रू म्हणून पाहण्यापूर्वी एवढा अनुभव आपण जमेस धरावा. आणि आपल्या गोवेकर बांधवांनीही हे ध्यानात घ्यावे की मराठीत ‘आमच्या स्वर्गातल्या बापा’ म्हणणारा माणूस कोणत्याही मोठ्या शेजाऱ्याचा हस्तक नाही. ती त्याच्या आईची भाषा आहे.

धर्मग्रामात मिस्सेच्या भाषेचा विषय निघाला की आपणही बहुधा दोनच चिन्हे पुढे ठेवतो : मराठी की इंग्रजी. ज्याची घरची भाषा कोंकणी, मल्याळी किंवा तमिळ आहे तो गप्प बसतो, आणि ज्याला दोन्ही चालतात त्याचे मत मोजलेच जात नाही. निर्णय कोणताही होवो. प्रश्न मांडताना तिसरा पर्याय लिहिलेला असावा, आणि जे त्या दिवशी रात्रपाळीला आहेत त्यांनाही तो विचारला जावा. त्यापूर्वी एखाद्या वाचक मंडळाने ‘अच्छेव’ आणि ‘कार्मेलीन’ ही दोन पुस्तके एकत्र बसून वाचली, तर गोवेकर आणि मराठी कुटुंबांना एकमेकांशी बोलायला जुन्या कौलापेक्षा अधिक खरा विषय सापडेल. कारण पंढरीसारखी गाव सोडून आलेली आणि कार्मेलीनसारखी परक्या घरी राबणारी माणसे आपल्या बाकांवरही बसतात, आणि त्यांनी कोणत्या चिन्हावर शिक्का मारला होता हे त्यांना कोणी विचारीत नाही.